अनेक पदार्थ, एक पाते : हाती धरावयाच्या काप-साधनांच्या अभिकल्पाची चिकित्सा

सारांश : स्वयंपाकघरात निरनिराळे पदार्थ चिरण्यासाठी, सोलण्यासाठी व त्यांच्या चकत्या करण्यासाठी हाती धरावयाचे एकच साधन असावे, ही अपेक्षा जुनी आहे. तिची पूर्ती करण्याचे तीन मार्ग दिसतात. विळी आणि साधी सुरी विविधतेची जबाबदारी हाताच्या कौशल्यावर सोपवतात. 'एकात अनेक' प्रकारचे स्लाइसर ती सुट्या पात्यांवर सोपवतात. काही मोजके अभिकल्प मात्र पदार्थाआधी हाताचा विचार करतात. प्रस्तुत लेखात या तिन्ही मार्गांची चिकित्सा केली असून, अशा साधनाचे मूल्य त्यातून निघणाऱ्या आकारांच्या संख्येवर ठरत नाही, तर अखेरचा तुकडा, थकलेला हात आणि चिरून झाल्यानंतरचे काम यांचा त्यात कितपत विचार झाला आहे यावर ठरते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : अभिकल्प, काप-साधन, विळी, सोलाणे, स्लाइसर, कारागिरी, गृहश्रम.

१. प्रस्तावना

मराठी समीक्षाव्यवहार साहित्यकृती, नाटक, चित्र आणि चित्रपट यांच्याभोवती विकसित झाला. नित्य वापरातील वस्तूंची चिकित्सा हा त्याचा विषय क्वचितच झाला. वास्तविक, कोणतीही वस्तू ही तिच्या कर्त्याने वापरणाऱ्याविषयी केलेले एक विधान असते. मुठीची जाडी, पात्याची लांबी, स्क्रूची जागा या सर्वांतून वापरणाऱ्याचा हात कसा आहे, त्याला वेळ किती आहे आणि त्याच्या श्रमाची किंमत काय, याविषयीची गृहीतके व्यक्त होतात. ही गृहीतके तपासणे हे समीक्षेचेच कार्य होय.

या दृष्टीचा एक महत्त्वाचा दाखला भारतीय संदर्भातच उपलब्ध आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने १९५८ साली एक अहवाल सादर केला. १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन होण्यामागे या अहवालाची प्रेरणा होती. त्यात त्यांनी साध्या लोट्याचे विवेचन केले आहे. त्यात किती पाणी मावावे, तो कमरेवर वा डोक्यावर कसा तोलला जावा, हाताला कसा लागावा, आतून कसा घासता यावा, त्याची किंमत काय असावी, अशा प्रश्नांची मालिका त्यांनी मांडली. एका व्यक्तीने लोटा घडविलेला नाही, अनेक पिढ्यांतील अनेक हातांनी तो घडविला आहे, हा त्यांचा निष्कर्ष सुपरिचित आहे. लोट्याला विचारले गेलेले हेच प्रश्न चिरण्याच्या साधनाला विचारून पाहावेत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयाची मर्यादाही येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. विजेवर चालणारी यंत्रे या लेखाच्या कक्षेबाहेर आहेत. हाताच्या बळावर चालणारी सुरी, सोलाणे, अडकित्ता, चकत्या करण्याचे स्लाइसर आणि दोरी ओढून चालवावयाचा चॉपर यांचा विचार येथे केला आहे. विळी ही हाती धरावयाची वस्तू नव्हे. तथापि महाराष्ट्रातील कोणत्याही काप-साधनाची तुलना अखेर तिच्याशीच होत असल्याने ती या चिकित्सेत संदर्भबिंदू म्हणून येते.

२. चिरणे : भाषा आणि भौतिकी

ज्या क्रियेसाठी साधन घडवावयाचे ती क्रिया मुळात एक नाही, हे मराठी भाषेने फार पूर्वी ओळखलेले आहे. आपण भाजी चिरतो, बटाटा सोलतो, गाजर किसतो, नारळ खोवतो, सुपारी कातरतो आणि काकडी चोचवतो. या क्रियांतून निघणाऱ्या वस्तूंनाही स्वतंत्र नावे आहेत. कांद्याची चकती, बटाट्याची काचरी, कैरीची फोड, आंब्याची खाप, संत्र्याची फाक, सुरणाचा काप, गाजराचा कीस आणि ओल्या नारळाचा चव हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. हा केवळ शब्दवैभवाचा प्रश्न नाही. प्रत्येक शब्दामागे पदार्थाचा पोत, पात्याचा कोन आणि पुढे होणारा पाकसंस्कार यांचे निश्चित ज्ञान साठलेले आहे. काचरी पातळ असते, कारण ती थोड्या तेलावर परतावयाची असते. लोणच्याची फोड जाड असते, कारण तिला दीर्घकाळ खारात टिकावयाचे असते.

खमंग काकडीचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. काकडी हाती धरून तिच्यावर सुरीचे उभे घाव घालीत जावे आणि नंतर वरचा थर आडवा कापून घ्यावा, या रीतीने चोचवलेली काकडी कुरकुरीत राहते. तीच काकडी किसली असता पुष्कळ पाणी सोडते व कोशिंबिरीचा पोत बदलतो. दोन्ही वेळा पदार्थ एकच आणि तुकडेही बारीकच, तरी फळ भिन्न. याचे कारण असे की किसणीचे दात पेशी चिरडतात, तर सुरीची धार त्या छेदते व बहुतांश पेशी शाबूत ठेवते. 'निरनिराळे पदार्थ' या शब्दप्रयोगात म्हणूनच केवळ पदार्थांची यादी अभिप्रेत धरणे अपुरे आहे. एकाच पदार्थाच्या निरनिराळ्या गती त्यात अंतर्भूत आहेत.

पदार्थागणिक पात्यापुढील अडचणही बदलते. टोमॅटोची साल चिवट आणि गर मऊ असल्याने बोथट पाते साल भेदण्याआधीच फळ दाबून टाकते. पाव कापताना हीच अडचण येते, म्हणून दोहोंसाठी दातेरी पाते उपयोगी पडते. बटाट्याची ओली चकती पात्याला चिकटून बसते. भेंडी चिकट रस सोडते. फणसाचा चीक पात्यावर व हातावर बसतो, म्हणून आधी तेल लावावे लागते. सुरणातील कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक हाताला खाज आणतात. कैरीच्या आम्लाने लोखंडी पाते काळे पडते. पालेभाजीची जुडी सैल असते, ती मुठीत आवळून धरल्याखेरीज चिरताच येत नाही.

या सर्व अडचणींच्या मुळाशी असलेले एक तत्त्व मात्र समान आहे. पाते केवळ खाली दाबण्यापेक्षा दाबता दाबता पुढे-मागे सरकवले, तर कापण्यास लागणारे बळ लक्षणीयरीत्या कमी होते. गृहिणींना हे अनुभवाने ज्ञात आहेच. ॲटकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली चेडर चीज आणि सलामी यांवरील प्रयोगांच्या आधारे, सरकण्याचा वेग आणि दाबण्याचा वेग यांच्या गुणोत्तराच्या परिभाषेत त्याची मांडणी केली. धारेचे महत्त्वही तितकेच आहे. कांद्याच्या पेशी फुटल्यावर विकरांच्या क्रियेने डोळ्यांना झोंबणारे द्रव्य तयार होते. त्यासाठी कारणीभूत असलेले एक स्वतंत्र विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधून काढले. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार तीक्ष्ण पात्याने आणि सावकाश कापल्यास कांद्यातून उडणारे सूक्ष्म थेंब घटतात. तात्पर्य, सरकण्यास वाव आणि टिकणारी धार या दोन गोष्टी कोणत्याही काप-साधनाच्या अभिकल्पात प्राथमिक ठरतात. आकारांचे वैविध्य त्यानंतर येते.

३. विळी आणि अडकित्ता : दोन टोके

विळीची रचना या दोन कसोट्यांवर पाहण्यासारखी आहे. सुरीत पदार्थ स्थिर असतो व पाते फिरते. विळीत पाते स्थिर असते व पदार्थ फिरतो. या एका उलटापालटीचे परिणाम दूरगामी आहेत. दोन्ही हात पदार्थ धरण्यास मोकळे राहतात. साहजिकच पालेभाजीची जुडी, कोबीचा गड्डा अथवा लांबट दुध्या सारख्याच सहजतेने पेलता येतो. चिरण्याच्या फळीची गरज उरत नाही, कारण चिरलेला भाग सरळ ताटात पडतो. पाते वक्र असल्याने पदार्थ पुढे ढकलताच तो धारेवरून आपोआप सरकतो, म्हणजे वर सांगितलेले सरकण्याचे तत्त्व रचनेतच सामावलेले आहे. पात्याच्या टोकाशी खोवणी असल्यास नारळाचेही काम होते. कोकणात आडाळो, गोव्यात आदोळी आणि बंगालमध्ये बोंटी या नावांनी हीच कल्पना नांदते, व किनारपट्टीवर मासळीही याच पात्यावर कापली जाते. एका सुट्या भागाचीही अदलाबदल न करता इतके पदार्थ हाताळणारे दुसरे साधन दाखविणे कठीण आहे.

तथापि विळीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती जमिनीवर बसू शकणारे गुडघे गृहीत धरते. तिची धार उघडी असते व रांगते मूल असलेल्या घरात ती सतत धोक्याची ठरते. स्वयंपाक ओट्यावर आल्यानंतर ती आपल्या स्वाभाविक जागेवरून उठली. घडीची विळी हा तिला ओट्यावर आणण्याचा प्रयत्न होय. परंतु तिथे बसत्या माणसाच्या गुडघ्याचा वा पायाचा दाब तिच्या पाटावर राहत नाही, आणि तिचे स्थैर्य उणावते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिची बहुपयोगिता तिच्या पात्यात जितकी आहे, त्याहून अधिक ती वर्षानुवर्षे घडलेल्या हातात आहे. ते कौशल्य आत्मसात करण्याची अपेक्षा परंपरेने एकाच लिंगाच्या व्यक्तीकडून केली, हे विसरून विळीच्या रचनेची स्तुती करणे एकांगी ठरेल.

विळीच्या अगदी दुसऱ्या टोकाला अडकित्ता उभा आहे. तो सुपारीखेरीज दुसरे काही कातरीत नाही. टोकाशी बिजागरी, मध्ये सुपारी आणि दुसऱ्या टोकाशी हाताचा दाब, अशी ही तरफेची रचना अत्यंत कठीण फळ एका मुठीच्या बळाने फोडते. त्याच मुठीचा दाब नियंत्रित करून त्याच साधनाने सुपारीचे पातळ कातरणही काढता येते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील नक्षीदार अडकित्ते पाहिले असता एकाच पदार्थावर एकाग्र झालेला अभिकल्प किती परिपक्व होऊ शकतो याचा प्रत्यय येतो. दिनकर केळकर यांनी हा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, आणि त्यामुळे स्वयंपाकघरातील अनेक वस्तू अभ्यासाचा विषय म्हणून आपल्यापुढे राहिल्या.

अनेक पदार्थांना पुरणारी विळी आणि एकाच पदार्थाला वाहिलेला अडकित्ता, या दोहोंत एक साम्य आहे. दोन्ही साधने किती जाड कापावयाचे हा निर्णय हाताकडे ठेवतात.

४. हाताचा विचार : दोन सोलाणी

साल काढणे म्हणजे पदार्थाचा सर्वांत पातळ काप घेणे होय. त्यामुळे सोलाणे, ज्याला बाजारात पीलर म्हणतात, ते काप-साधनाच्या अभिकल्पाचा उत्तम नमुना ठरते. विसाव्या शतकातील दोन सोलाणी यासाठी विचारात घेण्यासारखी आहेत.

पहिले सोलाणे स्वित्झर्लंडमधील 'रेक्स' हे होय. आल्फ्रेड नेवेचेरझाल यांनी १९४७ साली त्याचे स्वामित्वहक्क मिळविले. धातूची एक पट्टी इंग्रजी यू अक्षराप्रमाणे वाकवून तिच्या दोन टोकांमध्ये आडवे, डोलणारे पाते बसविणे आणि बाजूला बटाट्याचे डोळे काढण्यासाठी एक छोटी कडी ठेवणे, एवढीच त्याची रचना. पाते डोलत असल्याने ते पदार्थाच्या उंचसखल पृष्ठभागाशी स्वतःच जुळते, आणि कोन साधण्याचे कौशल्य हाताला वेगळे शिकावे लागत नाही. ते डाव्या व उजव्या दोन्ही हातांनी सारखेच चालते. स्वित्झर्लंडने २००४ साली त्याचे टपाल तिकीट काढले. इतक्या अल्प सामग्रीत इतके साधणारा अभिकल्प विरळा. त्याची उणीव मुठीत आहे. अरुंद पट्टीची ती मूठ निरोगी हाताला पुरेशी असली, तरी ओल्या अथवा दुखऱ्या हाताला ती आवळून धरावी लागते.

दुसऱ्या सोलाण्याचा जन्म नेमका याच उणिवेतून झाला. सॅम फार्बर हे स्वयंपाकाच्या भांड्यांच्या व्यवसायातून निवृत्त झालेले अमेरिकी उद्योजक. त्यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवातामुळे नेहमीचे सोलाणे धरणे अवघड जात असे. या अडचणीतून फार्बर यांनी न्यूयॉर्कच्या 'स्मार्ट डिझाइन' या संस्थेच्या साहाय्याने 'ओएक्सओ गुड ग्रिप्स' ही साधनांची मालिका घडविली व ती १९९० मध्ये बाजारात आली. जाड, लंबवर्तुळाकार, मऊ रबरी मूठ आणि अंगठा व तर्जनी टेकण्याच्या जागी लवचीक बारीक पडदे ही तिची वैशिष्ट्ये. जाड मूठ धरण्यास बोटे पूर्ण मिटावी लागत नाहीत. लंबवर्तुळाकारामुळे ती हातात फिरत नाही. ओली झाली तरी निसटत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने या सोलाण्याला आपल्या संग्रहात स्थान दिले.

या उदाहरणाचे समीक्षात्मक महत्त्व असे की, येथे अभिकल्पाचा आरंभ पदार्थापासून झाला नाही, तो हातापासून झाला. आणि तोही सशक्त, सरासरी हातापासून नाही, दुखऱ्या हातापासून. दुखऱ्या हातासाठी घडविलेली मूठ निरोगी हातालाही सुखावह ठरली. रोनाल्ड मेस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात १९९७ साली सिद्ध झालेल्या सार्वत्रिक अभिकल्पाच्या सात तत्त्वांमागील भूमिका हीच आहे. अर्थात याही साधनाची मर्यादा नोंदवावयास हवी. तत्कालीन साध्या सोलाण्यांहून ते महाग होते. शिवाय 'रेक्स'च्या वाकविलेल्या पट्टीच्या तुलनेत धातू व रबर यांचे हे मिश्रण घरी उघडता वा दुरुस्त करता येण्याजोगे नाही. एका सोलाण्याने सामग्रीची काटकसर साधली, तर दुसऱ्याने हाताची. दोहोंचा संगम अद्याप अपेक्षितच आहे.

५. 'एकात अनेक' : प्रात्यक्षिकासाठी घडलेली वस्तू

आता तिसऱ्या मार्गाकडे वळू. एका प्लास्टिकच्या चौकटीत आलटून पालटून बसविता येणारी सहा-आठ पाती, वर पदार्थ धरण्याचा काटेरी रक्षक आणि खाली डबा, अशी साधने प्रदर्शनांत, रेल्वेच्या डब्यांत व दूरचित्रवाणीवरील विक्री-कार्यक्रमांत आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांची वंशावळ अमेरिकेतील पोपील कुटुंबापर्यंत नेता येते. सॅम्युएल पोपील यांनी घडविलेले 'व्हेज-ओ-मॅटिक' १९६० च्या दशकात त्यांचे पुत्र रॉन पोपील यांनी दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचविले. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००० साली 'द न्यू यॉर्कर' या नियतकालिकात या घराण्यावर लिहिलेल्या दीर्घ लेखात वस्तू आणि तिची विक्रीकला यांचे अतूट नाते उलगडून दाखविले आहे.

हे नाते अभिकल्पाच्या दृष्टीने निर्णायक आहे. प्रात्यक्षिकासाठी घडलेली वस्तू प्रात्यक्षिकात दिसणाऱ्या गोष्टींची काळजी घेते. टणक, ताजा, बेताच्या आकाराचा बटाटा काही क्षणांत समान चकत्यांत रूपांतरित होतो आणि प्रेक्षक चकित होतो. मऊ पिकलेला टोमॅटो, चिकट भेंडी, तंतुमय सुरण यांना या रंगमंचावर क्वचितच प्रवेश मिळतो. अखेरचा तुकडा कोणी दाखवीत नाही. पात्याच्या खाचांत अडकलेला कीस ब्रशने काढणारा हात दिसत नाही. वर्षभराने बोथट झालेले पाते तर दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

यांपैकी अखेरच्या तुकड्याचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. डेव्हिड पाय या ब्रिटिश अभिकल्पकाराने १९६८ सालच्या आपल्या ग्रंथात कारागिरीचे दोन प्रकार कल्पिले. ज्यात फळ प्रत्येक क्षणी कर्त्याच्या हातावर व अवधानावर अवलंबून असते ती जोखमीची कारागिरी, आणि ज्यात फळ साधनानेच आधी निश्चित केलेले असते ती निश्चितीची कारागिरी. सुरी व विळी पहिल्या प्रकारात येतात, स्लाइसर दुसऱ्या. परंतु स्लाइसरची निश्चिती अखेरपर्यंत टिकत नाही. पदार्थ लहान होत जातो तसतशी बोटे पात्याजवळ येतात. काटेरी रक्षक वापरला तर शेवटचा जाड तुकडा चिरल्यावाचून उरतो. अन्न वाया घालवू नये हा संस्कार ज्या घरात दृढ आहे तिथे तो तुकडा टाकून देणे मनाला पटत नाही. परिणामी वापरणारी व्यक्ती रक्षक बाजूला ठेवते आणि तो तुकडा उघड्या बोटांनी पात्यावर घासते. म्हणजे जोखीम नाहीशी झालेली नसते, ती शेवटच्या चार चकत्यांत गोळा झालेली असते. तीही अशा क्षणी, जेव्हा आधीच्या सहजतेने हात बेसावध झालेला असतो. सुरी वापरणारा माणूस तोच तुकडा सपाट बाजूवर पालथा ठेवून निर्धोकपणे चिरतो. अशा वेळी दुखापतीचा दोष वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणावर ढकलला जातो. वस्तुतः तो अभिकल्पाचा दोष आहे, कारण ज्या घरात वस्तू वापरली जाणार त्या घरातील नीतिकल्पना त्याने विचारात घेतलेली नसते.

दोरी ओढून चालवावयाच्या चॉपरविषयीही एक नोंद आवश्यक आहे. त्यात बोटे पात्यापासून पूर्णतः दूर राहतात, हा त्याचा निर्विवाद गुण होय. परंतु तो चिरत नाही, तो झोडपतो. तुकडा किती बारीक व्हावा हे दोरी किती वेळा ओढली यावर ठरते, आणि एकाच भांड्यात काही तुकडे भुग्याइतके बारीक तर काही जाडसर राहतात. चटणी अथवा मसाल्याच्या कांद्यासाठी हे चालते. काचऱ्या, चकत्या अथवा फोडी यांची मागणी त्याच्याकडे करताच येत नाही. म्हणजे वर वर्णिलेल्या मराठी शब्दांपैकी बहुतेक शब्द या साधनापुढे निरर्थक होतात. साधनाने भाषेचा संकोच करावा, याचे हे एक उदाहरण होय.

६. वाचलेला वेळ आणि उरलेले काम

या साधनांच्या समर्थनार्थ वेळेच्या बचतीचा युक्तिवाद केला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, सहा वर्षे व त्यावरील वयोगटात कुटुंबासाठीची विनावेतन घरकामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ असे आढळले. ज्या स्त्रीला नोकरीवर जाण्यापूर्वी दोन भाज्या चिरावयाच्या आहेत, तिने चॉपर विकत घेतला तर तिच्यापुढे विळीच्या थोरवीचे प्रवचन करणे हा उद्धटपणा ठरेल. तिची निवड परिस्थितीजन्य आहे.

प्रश्न तिच्या निवडीचा नाही, तिला उपलब्ध करून दिलेल्या पर्यायांचा आहे. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात अमेरिकी गृहोपयोगी यंत्रांचा इतिहास तपासून असे दाखविले की, यंत्रांनी कामातील काबाडकष्ट कमी केले तरी गृहिणीचे कामाचे तास त्या प्रमाणात घटले नाहीत. कारण कामाचे स्वरूप बदलले, अपेक्षा वाढल्या आणि पूर्वी इतरांकडून होणारे कामही तिच्याकडेच आले. आपल्या लहानशा साधनांनाही हा विचार लागू पडतो. चिरण्याचा काळ पाच मिनिटांनी घटला, पण आठ पाती, रक्षक, चौकट आणि डबा यांचे धुणे-पुसणे-ठेवणे त्याच व्यक्तीच्या वाट्याला आले, तर बचतीचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. जाहिरात घड्याळ सुरू करते ती पहिल्या चकतीला, आणि बंद करते शेवटच्या चकतीला. स्वयंपाकघराचे घड्याळ मात्र भांडी पालथी घातल्यावरच थांबते.

धारेचा प्रश्नही याच हिशेबात येतो. विळीचे वा सुरीचे पाते बोथट झाले की सायकलवर चाक बसवून दारोदार फिरणारा धारवाला त्याला पुन्हा धार लावून देतो. स्लाइसरचे पातळ, प्लास्टिकमध्ये ठोकून बसविलेले पाते त्याच्या चाकावर धरताच येत नाही. एक पाते निकामी झाले की बहुधा संपूर्ण साधनच टाकून दिले जाते. अशा रीतीने वस्तूचे आयुष्य तिच्या सर्वांत दुर्बळ भागाइतके आखूड होते, आणि धारवाल्याच्या व्यवसायाचा आधारही तितकाच क्षीण होतो.

७. अभिकल्पासाठी काही सूत्रे

वरील चिकित्सेच्या आधारे, भारतीय स्वयंपाकघरासाठी हाती धरावयाचे काप-साधन घडविताना पुढील सूत्रे विचारात घ्यावीत असे सुचवावेसे वाटते.

१) आरंभ दुखऱ्या, ओल्या अथवा तेलकट हातापासून करावा. मूठ जाड, न फिरणारी व दोन्ही हातांना सारखीच चालणारी असावी.

२) पाती मोजकी असावीत. बहुतेक भाज्यांसाठी एक साधे लांब पाते, टोमॅटो व पाव यांसाठी एक दातेरी कड आणि सालीसाठी एक डोलणारे पाते एवढ्यात नित्याचे बहुतांश काम भागते. पात्यांची संख्या वाढविणे म्हणजे बहुपयोगिता वाढविणे नव्हे.

३) पात्याला सरकण्यास वाव असावा. केवळ वरून दाबण्यावर आधारलेली रचना मऊ पदार्थ चिरडते आणि कठीण पदार्थांसाठी मनगटावर ताण आणते.

४) जाडीचा निर्णय शक्यतो हाताकडे असावा. मार्गदर्शक पट्टी द्यावयाची असल्यास ती काढता येणारी असावी.

५) अखेरचा तुकडा हा अभिकल्पाचा पहिला प्रश्न मानावा. जे साधन तो निर्धोकपणे चिरू शकत नाही, ते सुरक्षित म्हणवून घेण्यास पात्र नाही.

६) पाते एका नाण्याने स्क्रू फिरवून सुटे करता यावे, त्याला रस्त्यावरील धारवाल्याकडून धार लावता यावी आणि साधन नळाखाली एका धारेत स्वच्छ व्हावे.

यांपैकी कोणतेही सूत्र तंत्रज्ञानाच्या दृष्टीने दुःसाध्य नाही. अडचण असलीच तर ती अशी की, या गुणांचे प्रात्यक्षिक दोन मिनिटांत करून दाखविता येत नाही.

८. निष्कर्ष

निरनिराळे पदार्थ एकाच साधनाने चिरता यावेत ही मागणी रास्त आहे. विळीने ती घडलेल्या हाताच्या भरवशावर पूर्ण केली व त्या हाताच्या श्रमाविषयी मौन पाळले. बहुपात्यांच्या स्लाइसरने ती हाताला वगळून पूर्ण करण्याचे आश्वासन दिले, परंतु अखेरचा तुकडा, धुणे आणि बोथट धार या तीन ठिकाणी हाताला पुन्हा, आणि अधिक बिकट स्थितीत, पाचारण केले. 'रेक्स' व 'गुड ग्रिप्स' या सोलाण्यांनी मात्र असे दाखवून दिले की, हाताला गुलाम न करता आणि अनावश्यकही न ठरविता त्याचे ओझे हलके करता येते.

महाविद्यालयांतील गृहविज्ञान, भौतिकशास्त्र, भाषा व समाजशास्त्र या विभागांना एकत्र आणू शकेल असा हा विषय आहे. चिरण्याच्या क्रियांची स्थानिक शब्दसूची, पात्यांच्या कोनांचे मापन आणि वापरणाऱ्यांच्या मुलाखती एवढ्या सामग्रीवर विद्यार्थी प्रकल्प उभा करू शकतात, आणि त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. अशा अभ्यासातून एखादे नवे साधन निर्माण होईलच असे नाही. परंतु ओट्यावर पडलेल्या साधनाकडे पाहताना ते किती आकार काढते यापूर्वी ते कोणाच्या हातासाठी घडले आहे हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर वस्तूंच्या समीक्षेचे एक प्राथमिक उद्दिष्ट सफल झाले असे म्हणता येईल.